हौसाक्काच्या आज्जीचं डोरलं

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायको गेली, तिलाही माहीत नव्हतं. तुम्हाला सांगतोय — का, ते मला धड सांगता येणार नाही.

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी कोल्हापुरात एका शाळेत चित्रकला शिकवायचो, अजून कायम झालो नव्हतो. घरी जुनी तैलचित्रं साफ करून द्यायचो. कागलजवळच्या खेड्यातून हौसाक्का आली. साठीची, एकटी. लुगड्यात गुंडाळून आज्जीचं चित्र आणलेलं — शंभरेक वर्षांपूर्वी कुणा फिरत्या चित्रकारानं काढलेलं. नऊवारी, नथ, हातात शेवंतीचं फूल. बाकी सगळी काजळी.

"इनामदारानं आज्जीला ठेवलीती म्हणत्यात," ती म्हणाली. "खोटं हाय. त्येच्या लगनाची बायकू हुती. गळ्यात डोरलं हाय बघा."

काजळी पुसली. डोरलं होतं! सोन्याच्या दोन वाट्या, काळे मणी — एकेक मणी वेगळा काढलेला.

आणि मी काय केलं? शाळेत बोललो. मिरवायला. त्याच इनामदारांचे नातू आमच्या संस्थेचे अध्यक्ष — हे ठाऊक नव्हतं म्हणू? ठाऊक होतं. दोन दिवसांनी ते घरी आले, चहा घेतला, चित्रासमोर उभे राहिले. "मास्तर, गळ्याशी डाग राहिलाय. तेवढा काढा." एवढंच. धमकी नाही, काही नाही. धमकी दिली असती तर निदान — नको, तेही नको.

त्यांची पाठ वळताच मी कातडीचा रंग कालवायला बसलो. आणि किळस येते ती इथं — ते काम मी मन लावून केलं. मानेवरची सावली जुळली तेव्हा स्वतःवर खूश झालो होतो.

हौसाक्का आली. चित्रातल्या गळ्यावर बोट ठेवून कितीतरी वेळ बघत राहिली. "डोरलं हुतं की वो, मास्तर. ल्हानपणी मी बघितलंया."

"काजळीमुळं तसं वाटायचं, आक्का," मी म्हणालो.

"तुमी शिकल्याली मानसं. तुमी म्हंताय म्हंजे नसंल." आणि तिनं मला हात जोडले.

जूनमध्ये मी कायम झालो. पुढं कानावर आलं, तिनं ते चित्र भिंतीला लावलंच नाही. आज्जीवरनं कुणी काही बोललं की पूर्वी भांडायची, आता गप्प बसते.

वरचा रंग टर्पेंटाइननं दहा मिनिटांत निघाला असता. खाली डोरलं शाबूत होतं, हे फक्त मला माहीत होतं. हौसाक्का त्यानंतर नऊ वर्षं जगली. कागलला दर अर्ध्या तासाला एसटी होती. मी गेलो नाही.