आत्याचा रुपया आणि तिरका उजेड

लातूरच्या एका शाळेत मी पंचवीस वर्षं चित्रकला शिकवतो आहे. दरवर्षी आठवीच्या वर्गात टेबलावर एक चेंडू ठेवतो, एक सोडून सगळ्या खिडक्या लावायला सांगतो आणि नाटकी आवाजात विचारतो, "आता हा चेंडू गोल का दिसायला लागला?" वर्ग एकसुरात ओरडतो, "उजेड एका बाजूनं येतो म्हणून, सर!" हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही सांगीन. पण ऐन भाऊबिजेला, भरल्या घरात, ते नेमकं विसरलो, आणि माझ्या थोरल्या आत्यानं तिच्या आईच्या फोटोला हात जोडण्याआधीच चहा घ्यायला सुरुवात केली. या दोन गोष्टींचा संबंध काय, ते सांगतो.

पन्नाशी ओलांडली की माणसाला एक तर गुडघेदुखी लागते, नाही तर एखादा छंद. मला दोन्ही लागले. छंद जुनी नाणी जमवण्याचा. बायको म्हणते, "गुडघे तरी अधूनमधून गप्प बसतात." नाणी यायच्या आधीच मी भिंग घेतलं होतं. दुकानदार बिचारा सांगत होता, "नवीन असाल तर पाचपट घ्या, फार तर दहापट." मी म्हणालो, "वीसपट दाखवा." ज्याला पोहता येत नाही तोच सगळ्यात खोल विहीर विचारतो.

ते भिंग डोळ्याला लावून मी घरभर फिरलो. आधी साबुदाणा पाहिला, मग बायकोची अंगठी आणि शेवटी स्वतःची नखं. नातेवाइकांना फोन करून ऐकवलं, "कुणाकडं जुनी नाणी असतील तर आणा, खरं-खोटं सांगतो." ही दवंडी माझ्या दोन आत्यांच्या कानावर गेली. थोरली देगलूरला राहते, धाकटी देवणीला. दोघी भाऊबिजेला माझ्या वडिलांना ओवाळायला लातूरला आल्या त्या आपापला रुपया पदराला बांधून.

हे दोन रुपये म्हणजे आमच्या घरातला साठ वर्षं चाललेला खटला. लग्न होऊन सासरी जाताना माझ्या आजीनं दोन्ही लेकींना निजामाच्या काळातला एकेक चांदीचा रुपया दिला होता, चारमिनारचं चित्र असलेला. त्यातला एक रुपया पणजीच्या, म्हणजे आत्यांच्या आजीच्या, गळ्यातला. पणजीनं तो कडी लावून काळ्या दोऱ्यात घातला होता आणि तिच्यामागं कडी काढून तो देवघरात गेला. दुसरा रुपया साधा. कोणता कुणाला दिला, ते आजीनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. दोघींचंही म्हणणं एकच, "आजीच्या गळ्यातला तो माझाच."

ओवाळणं झालं, फराळाची ताटं बाजूला सरली. मी बैठकीच्या मधोमध, बरोबर ट्यूबलाइटखाली खुर्ची ओढली. बाह्या सरसावल्या. घसा खाकरला. खरं सांगायचं तर खाकरायची काही गरज नव्हती.

धाकटीचा रुपया पहिला. चारमिनारची एकेक कमान ताशीव, अक्षरं टोकदार. "उत्तम!" मी जाहीर केलं. मग थोरलीचा घेतला. तो चमकत होता, पण मिनार मेणबत्तीसारखे वितळलेले. सगळंच पुसट.

धाकटी डोकावून म्हणाली, "अक्का, तुझा तर पार गुळगुळीत झालाय गं. साबणाची वडी जणू."

"लक्ष्मी हाय ती," थोरली उसळली. "तुझ्यासारखी पेटीत कोंडून ठेवली न्हाई म्या. दर लक्ष्मीपूजनाला चिंच लावते, राखेनं घासते, लख्ख करते, मग पुजते."

हे वाक्य माझ्या कानावर पडलं, पण मी तेव्हा वीसपट मोठा झालो होतो. मी भिंग खाली ठेवलं, एक क्षण थांबलो (असं थांबायला मी स्नेहसंमेलनात शिकलोय) आणि म्हणालो, "आत्या, हे टाकसाळीत ठोकलेलं नाणं नाही. हे ओतीव आहे. साच्यात ओतलेलं."

"म्हंजी?"

"म्हणजे... नकली."

वडिलांनी खोकल्याचं निमित्त केलं. धाकटीनं हसायला सुरुवात केली आणि अर्ध्यातच थांबवलं. थोरली माझ्याकडं वळली.

"म्हंजी आईनं मला खोटा रुपया दिला?"

तिनं रुपया उचलला, पदराला दोन गाठी मारल्या, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं देगलूर गाठलं. बायकोनं बांधून दिलेल्या करंज्या तशाच ओट्यावर राहिल्या.

पंधरा दिवसांनी देगलूरच्या वहिनीचा, म्हणजे थोरल्या आत्याच्या सुनेचा, फोन आला. "भावजी, काय करून ठेवलंत तुम्ही? सासूबाईंनी रुपया देवघरातनं काढला. रव्याच्या डब्याखाली ठेवलाय. लक्ष्मीच्या जागी सुपारी मांडलीय."

"रागावल्यात का?"

"रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रोज सकाळी त्यांच्या आईच्या फोटोला नमस्कार केल्याशिवाय चहाला हात लावत नव्हत्या. आता आधी चहा घेतात. फोटोकडं बघतसुद्धा न्हाईत."

त्या दिवशी मी शाळेत आठवीवर विनाकारण ओरडलो.

पुढच्याच आठवड्यात कामानिमित्त नांदेडला गेलो. तिथं जुन्या बाजारात एक म्हातारे घड्याळजी बसतात. घड्याळं आता कुणी दुरुस्त करून घेत नाही, म्हणून ते नाणी बघतात. मी माझी कैफियत मांडली आणि माझं भिंग त्यांच्यापुढं ठेवलं.

"कितने का है ये?"

"बीस का," मी अभिमानानं म्हणालो.

"बीस में तो मेरे कू भी ऐब दिखते, सर. सिक्के में भी, आदमी में भी. पहले पाँच का लेव, पूरा चेहरा देखो. फिर दस का."

त्यांनी गल्ल्यातून चारमिनारचा एक झिजलेला रुपया काढला. "बोलो, असली के नकली?" मी वरच्या ट्यूबखाली धरला. तोच वितळलेला मिनार! "नकली," मी म्हणालो.

घड्याळजींनी ट्यूब बंद केली. टेबलावरचा दिवा मान मोडेपर्यंत खाली वाकवला, इतका की उजेड टेबलावरून सरपटत यावा. खाली मऊ फडकं पसरलं, म्हणजे नाणं सुटलं तरी आपटणार नाही. रुपया दोन बोटांत कडेनं धरला. चित्रावर बोट ठेवायचं नाही, घामाचा डाग पडतो. मग मला म्हणाले, "कोहनियाँ टेबल पे. काच आँख कू लगाव. अब काच नक्को हलाव, सिक्का पास लाव. अब सिक्के कू धीरे-धीरे फिराव."

मी कोपरं टेकून रुपया हळूहळू फिरवला, आणि चारमिनार जमिनीतून उगवावा तसा वर आला. कमानींना सावल्या पडल्या. मधल्या दरवाजात एक इवलंसं उर्दू अक्षर दिसलं. त्या काळी निजामाच्या नावाचं पहिलं अक्षर दरवाजात कोरत असत. मघाशी ट्यूबखाली तिथं काहीच नव्हतं.

"अहो, पण हे तर मी आठवीला शिकवतो!" मी ओरडलो.

"तो एक बार आठवी में बैठो, सर," घड्याळजी म्हणाले. मग समजुतीनं सांगू लागले, "घिसा हुआ अलग, ढला हुआ अलग." झिजलेल्या नाण्याचा उंच भाग सपाट होतो, पण खोलगट भागातल्या रेघा तशाच कडक राहतात, कारण हात तिथवर पोचत नाही. साच्यात ओतलेलं नाणं खोलातही बोथट असतं, आणि त्यावर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात. आणि कड! कड तर मी पाहिलीच नव्हती. "जिसने कड नहीं देखी, उसने आधाच सिक्का देखा."

दहापट भिंग घेऊन मी परत आलो. धाकट्या आत्याला फोन केला तर ती म्हणाली, "मीबी येते. निकाल माझ्यासमोर लागला, अपील माझ्यासमोरच चालू दे." मधल्या काळात थोरलीच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. मग एका रविवारी देवणीहून धाकटीला गाडीत घेतलं, मागच्या सीटवर माझा टेबललॅम्प उशीवर निजवला, आणि उदगीरमार्गे दुपारी देगलूरला पोचलो.

थोरलीनं आमच्याकडं पाहिलं, लॅम्पकडं पाहिलं. "आता काय सिनेमा दाखवायलास का?"

"माफी मागायला आलोय, आत्या. आणि पुन्हा बघायला."

"माफी माग की. बघायचं काय राहिलंय?" पण ती उठली, रव्याचा डबा सरकवला आणि कागदात गुंडाळलेला रुपया माझ्यापुढं टाकला. हो, टाकला. लक्ष्मी म्हणणाऱ्या बाईनं. "बघ. पुन्हा खोटा म्हणालास तर चहाबी मिळायचा न्हाई."

मी पाट मांडला, फडकं पसरलं, लॅम्प वाकवला, बटण दाबलं. लाइट गेली होती.

"देवाची इच्छा न्हाई," थोरली म्हणाली.

"वीजमंडळाची न्हाई," धाकटी म्हणाली.

चार वाजत आले होते. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आडवं येत होतं. तेवढ्यात माझ्या डोक्यात आठवीचा वर्ग भरला. मी दोन्ही दारं लावली, बाकीच्या खिडक्या लावल्या, आणि पश्चिमेची झडप बोटभर उघडी ठेवली. उन्हाची एक पट्टी फडक्यावर आडवी पडली. शेजारणीनं बाहेरून विचारलं, "का हो, दारंखिडक्या का लावल्या? कोण आजारी हाय का?"

"अक्काचा रुपया आजारी हाय," धाकटीनं आतूनच सांगितलं. "डॉक्टर आलेत लातूरहून."

मी पोटावर आडवा झालो, कोपरं टेकली, भिंग डोळ्याला लावलं आणि रुपया कडेनं धरून उन्हात आणला. मिनारांची टोकं सपाट होती. साठ दिवाळ्यांची चिंच आणि राख! पण खाली, अक्षरांच्या पायथ्याशी, रेघ न् रेघ कडक. खड्डा एकही नाही. दरवाजात ते इवलं अक्षर. मग मी कड बघायला घेतली. नाण्याच्या कडेवर उभ्या बारीक रेघा असतात, त्या ओळीनं चालल्या होत्या. आणि चारमिनारच्या बरोबर डोक्यावर त्या थांबल्या. तिथं दोन करडे उंचवटे होते, बाजरीच्या दाण्याहून लहान. रुपयावर काहीतरी वितळत्या धातूनं झाळून बसवलं होतं आणि पुढं कापून काढलं होतं, त्याचा तो वण.

मी भिंग खाली ठेवलं. या वेळी नाटक म्हणून नाही. काच पुसली आणि पुन्हा कड बघितली.

"मेला का रुपया?" धाकटीनं विचारलं.

"आत्या, तू बघ," मी थोरलीला म्हणालो. "नव्या डोळ्यानं बघ. काच डोळ्याला लाव, आता रुपया जवळ आण. अजून. हां. आता वरच्या कडेला काय दिसतंय?"

तिनं खूप वेळ लावला. मी खालून तिचं कोपर धरलं.

"दोन टिपके हायती. काहीतरी चिकटल्यावानी."

"तिथं कडी होती, आत्या."

ती भिंगातून डोळा न काढता म्हणाली, "आजीच्या मांडीवर बसून म्या ही कडी फिरवायची. ती म्हणायची, पोरी, तुटंल गं." मग भिंग खाली घेऊन, "मग आईनं खोटा न्हाई दिला."

"खोटा नाही. मीच आंधळा होतो."

"आंधळं कोण म्हणतंय तुला? वीस डोळे व्हते तुला भाऊबिजेला."

मी कान धरले. एक सांगायला हवं. संग्राहकाच्या नजरेनं हा रुपया अगदी तळाचा. घासलेलाही आणि झाळलेलाही. कुठलाही शहाणा माणूस तो बाजूला सारील. त्याच दोन खोडींसाठी मी देगलूरच्या फरशीवर पालथा पडून हरखून गेलो होतो.

धाकटीनं भिंग ओढून घेतलं. आधी थोरलीची कड पाहिली, मग पदराची गाठ सोडून स्वतःच्या रुपयाची. तिच्या कडेच्या रेघा कुठंही न थांबता गोल फिरत होत्या. भिंग खाली ठेवून ती म्हणाली, "अक्का, जिंकलीस गं."

"जिंकायचं काय त्यात?" थोरली म्हणाली. "तुला कोराकरकरीत दिला आईनं, मला वापरलेला. लाडकी कोण ते तूच बघ."

धाकटीचा चेहरा उजळला आणि लगेच संशयानं भरला. मला कळलं, पुढच्या साठ वर्षांचा खटला दाखल झाला.

दारं उघडली. थोरली उठून स्वयंपाकघरात गेली आणि वाटीत काहीतरी कालवायला लागली. मला वास आला. "आत्या, चिंच नको! पाया पडतो, घासू नकोस!"

"रव्याच्या डब्याखालचा तसाच ठेवू देवापुढं?"

बरीच घासाघीस झाली. शेवटी साध्या पाण्यात बुडवायचा आणि मऊ फडक्यानं नुसता टिपायचा, असं ठरलं. सुपारी हलवून रुपया मी माझ्या हातानं देवघरात ठेवला, हळदकुंकू वाहिलं. भिंग मागितलं तर थोरली म्हणाली, "ऱ्हाऊ दे इथंच. तुझ्याकडं ठिवलं तर तू लोकांना खोटं ठरवत फिरशील. मला तांदूळ निवडायला व्हईल."

वहिनीनं चहा आणला. थोरलीनं कप हातात घेतला, थांबली, आणि तसाच खाली ठेवला. भिंतीवरच्या फोटोपुढं जाऊन तिनं पदर सावरला, हात जोडले, काहीतरी पुटपुटली. ते आम्हाला ऐकू आलं नाही. मग येऊन बसली आणि कपाला हात लावून म्हणाली, "गार झाला. दुसरा टाक गं."