काळ्या पडद्यातलं चित्र

टीव्हीचा आवाज येत होता, पडदा मात्र काळाच. दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण काढून बोर्ड तपासले, मग माझ्याकडून टॉर्च घेतला आणि पडद्यावर तिरका धरला. त्या गोल उजेडात बातम्या देणारी बाई पुसटशी हलताना दिसली.

"चित्र आहे, काकू. मागचे दिवे लागत नाहीत. त्यांना वीज देणारा बोर्ड उद्या आणतो," म्हणत टॉर्च माझ्या हातात देऊन तो गेला.

तेव्हापासून मला एका जागी बसवेना. उगाच ओटा पुसला, पुन्हा बाहेर आले. निवृत्त झाल्यापासून हे असेच खुर्चीत बसून असतात; आवाज येतो तो फक्त "हं"चा. आत आपलं माणूस हसत असेल, चिडत असेल, आणि आपण काळोख समजून उठून जायचं?

"अहो, चहा टाकू?"

"हं."

टॉर्च अजून माझ्या हातातच होता. कुठून धरू?