वैजिनाथ अप्पा फोकसमध्ये येतात

कडा गावात कुठंही फीत कापायची असली, की वैजिनाथ अप्पा दुकानात सापडत नाहीत. दुकान बाजारपेठेत आहे. दोरखंड, चाळण्या, घमेली, ताडपत्र्या असा माल. अशा वेळी गल्ल्यावर अप्पांच्या बायको मल्लम्मा काकू बसतात, आणि गिऱ्हाइकानं "अप्पा कुठं गेले?" विचारलं की वर न बघता सांगतात, "गेलेत मागं उभं राहायला."

त्यात खोटं काही नव्हतं. बसवजयंती असो, भीमजयंती असो, शाळेची नवी खोली असो नाहीतर मोटारसायकलीचं शोरूम, पाहुण्याच्या डाव्या खांद्यामागं अप्पा असायचेच. पांढरा सदरा, पांढरी टोपी, कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे आणि टोकं वर वळवलेली जाड मिशी. त्यांना हार नको होता, खुर्ची नको होती, भाषण तर नकोच होतं. एकदा कुणीतरी हातात माइक दिला तर तापलेलं घमेलं हाती आल्यासारखा त्यांनी तो शेजारच्याकडं ढकलला. फोटो निघाला की त्यांचं काम झालं. दुसऱ्या दिवशी तो पेपरात आला, की पेपर काउंटरवर पसरून ठेवायचा आणि खिळे घ्यायला आलेल्यालाही विचारायचं, "बघ बरं, ह्यात कोण दिसतंय?"

हे सगळं वर्षानुवर्षं सुखानं चाललं ते माणिकरावांमुळं. कड्यातले फोटोग्राफर माणिकराव आपल्या जुन्या कॅमेऱ्यानं फोटो काढायचे. त्या फोटोत टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीपासून मागच्या पडद्यावरच्या नावांपर्यंत सगळं सारखंच स्पष्ट यायचं. पुढारी, हार, अप्पा, पडदा, सगळे एका मोलाचे. मग माणिकरावांचे गुडघे गेले आणि स्टुडिओ त्यांच्या मुलीकडं, ज्योत्स्नाकडं आला.

ज्योत्स्ना हुशार आणि तोंडाची फटकळ. पण स्टेजपुढच्या पुरुषांच्या गर्दीत शिरून कोपरं खायचा तिला लवकरच कंटाळा आला. तिनं पुण्याहून एक वापरलेला, पण नव्या जातीचा मिररलेस कॅमेरा आणला आणि त्याला हातभर लांबीची झूम लेन्स घेतली. आता ती लांब, मंडपाच्या खांबाला टेकून निवांत उभी राहायची आणि तिथून पुढाऱ्याच्या गालावरचा तीळसुद्धा टिपायची. फोकस कॅमेराच करायचा. त्याच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर हिरवी चौकट यायची, चेहरा शोधायची, चेहऱ्यात डोळा शोधायची आणि तिथं घट्ट बसायची. "पप्पा, हा कॅमेरा माणूस ओळखतो," ती कौतुकानं म्हणाली. माणिकराव म्हणाले, "ओळखू दे. पण कोणता माणूस ओळखायचा ते तू सांग त्याला."

पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनाला हा कॅमेरा पहिल्यांदा बाहेर पडला. उद्घाटन युवराजदादांच्या हस्ते. दादा म्हणजे तालुक्यातलं तरुण नेतृत्व, असं त्यांच्याच बॅनरवर लिहिलेलं असायचं. फोटो झकास आला. दादांच्या मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा इतका. पण दादांच्या मागं, पडद्याला लागून जे काही उभं होतं ते सगळं उन्हात ठेवलेल्या लोण्यासारखं पाघळलं होतं. त्यात पांढरट असं काहीतरी दिसत होतं. ते अप्पा होते.

"अप्पा, काल गेलता न्हाई का?" सकाळपासून तिसऱ्या गिऱ्हाइकानं विचारल्यावर अप्पांनी दुकान मल्लम्मा काकूंवर टाकलं आणि तडक स्टुडिओ गाठला.

"ज्योत्स्ना, मला का म्हून पुसलं तू?"

"पुसलं न्हाई अप्पा. ही लेन्सच तशी हाय. एकावर फोकस केला की मागचं धूसर होतं. त्यालाच तर लोक लई भारी म्हणतात आजकाल."

"मागचं धूसर केलं की भारी? मग आमी तिथं उभं कशाला राहायचं?"

म्हातारा माणूस हिरमुसून बसलेला बघून तिला वाईट वाटलं आणि ती बोलून गेली, "जो दादांच्या रेषेत असल तो दादांइतकाच स्पष्ट येतो. तुमी लई मागं राहता."

हे आपण सांगायला नको होतं, असं तिला पुढं पुष्कळदा वाटलं.

दोन दिवस अप्पा दुकानात सराव करत होते. एक ताडपत्रीचा गठ्ठा दादा झाला. अप्पा त्याच्यामागं उभे राहायचे आणि कुणाच्या लक्षात येणार नाही असं एकेक पाऊल पुढं सरकून त्याच्या खांद्याला खांदा लावायचे. "गठ्ठ्याला कोपर नसतंय, तेवढं ध्यानात ठेवा," मल्लम्मा काकू म्हणाल्या. आणि शाळेच्या कार्यक्रमात तेच झालं. अप्पा रेषेपर्यंत पोचणार एवढ्यात दादांचे उजवे हात मुंजाजी यांनी, तोंडावरचं हसू जराही न हलवता, कोपरानं त्यांना मागं सारलं. अप्पा पूर्ण मागं गेले नाहीत, दादांच्या मागं दोन-तीन हातांवर ठाण मांडून राहिले. फोटोत टोपी कळत होती, मिशीचा संशय येत होता. सुधारणा होती.

मग दादांचा वाढदिवस आला.

बाजारतळावर स्टेज, समोर दोन जेसीबी, त्यांच्या खोऱ्यांत फुलांच्या पाकळ्या. दादा आले ते काळा गॉगल लावून. हार तर एवढा मोठा, की त्यातून फक्त गॉगल आणि कपाळ वर राहिलं. मागं अप्पा, त्या दिवशी खास गुळगुळीत दाढी करून, डोळे वटारून. डोळे मिटले तर फोटो वाया जातो, हा त्यांचा जुना अनुभव होता.

ज्योत्स्ना खांबाशी उभी. हिरवी चौकट दादांवर बसेना. हारात तोंड नाही, गॉगलात डोळा नाही. चौकट हारावर गेली, झेंडूत घुटमळली, परत आली. तेवढ्यात जेसीबीनं फुलं उधळली आणि मधल्या हवेत पाकळ्याच पाकळ्या झाल्या. लेन्स पुढं-मागं चाचपडायला लागली, चित्र एकदा ढगाळायचं, एकदा उघडायचं. आणि मग चौकटीला एकदम दोन टपोरे, उघडे, हक्काचे डोळे सापडले आणि ती तिथं जाऊन घट्ट बसली. ज्योत्स्नाला वाटलं, बसली एकदाची. तिनं बटण दाबून धरलं.

"फोटो टाक लवकर, आष्टीचा फ्लेक्सवाला थांबलाय!" मुंजाजी ओरडत आले. कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर फोटो बरा दिसत होता. पाकळ्या होत्या, दादा होते, गर्दी होती. "मागची जनता कापू नको म्हणावं त्याला," मुंजाजींनी बजावलं. ज्योत्स्नानं फोटो पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी बसस्टँडसमोर वीस फुटी फ्लेक्स लागला. लोक जागच्या जागी थांबायला लागले. फोटोच्या मधोमध दादा होते, पण गरम दुधाच्या वाफेतून बघावं तसे. आणि त्यांच्या खांद्यामागं वैजिनाथ अप्पा, विभूतीच्या पट्ट्यांसकट, कानावरच्या केसांसकट, असे लख्ख, की आता खाली उतरून चाळणी दाखवतील. खाली अक्षरं होती: लाडक्या नेतृत्वास वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.

बाहेरगावच्या लोकांना शंकाच राहिली नाही. बीडच्या गाडीतून उतरलेल्या एका पाहुण्यानं चौकशी करत दुकान गाठलं आणि अप्पांच्या गळ्यात हार घालून पाया पडला. दुपारपर्यंत बातमी फिरली, की अप्पा ग्रामपंचायतीला उभे राहणार. संध्याकाळी ती पंचायत समितीपर्यंत गेली.

मल्लम्मा काकू मुद्दाम जाऊन फ्लेक्स बघून आल्या. "तुमचं नाक एवढं मोठं हाय," त्या म्हणाल्या, "हे मला इतक्या वर्सांत कळलं न्हाई."

अप्पा सुपांच्या चवडीमागं बसले होते. आयुष्यभर जे हवं होतं ते वीस फूट मिळालं होतं, आणि त्यांना घाम फुटला होता. "मला न्हाई ग एवढं पायजे होतं," ते म्हणाले. "जरा कळलं पायजे की हाय कुणीतरी. बास."

तेवढ्यात मुंजाजी आले. "कोणाच्या सांगण्यावरून केलं हे? कोणत्या गटाचं काम हाय?"

"गट कशाचा? मी नुसता उभा होतो!"

"नुसतं कोणी उभं राहत न्हाई अप्पा. आमाला राजकारण शिकवू नका."

मुंजाजींच्या मागोमाग दादाच आले. त्यांनी गॉगल काढला, तेव्हा कळलं की उजव्या डोळ्याला रांजणवाडी झाली होती आणि ती झाकायलाच गॉगल लावला होता. सुजल्या डोळ्यानं त्यांनी ज्योत्स्नाला बोलावून घेतलं. तिनं कॅमेरा दाखवला, हिरवी चौकट दाखवली आणि सरळ सांगितलं, "दादा, ह्याला उघडा डोळा लागतो. तुमचा झाकलेला होता. अप्पांचा उघडा होता. चूक माझी हाय, मी मोठं करून बघायला पायजे होतं. पण गटबिट काही न्हाई."

दादांनी कॅमेऱ्यातून मुंजाजींकडं बघितलं. चौकट मुंजाजींच्या रागानं बारीक झालेल्या डोळ्यांवरून उठून मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या बाईवर जाऊन बसली. दादांना हसू आलं आणि प्रकरण मिटलं. फ्लेक्स उतरवायचा ठरला. "फक्त एक करा अप्पा," दादा जाताना म्हणाले, "थोडे दिवस माझ्या मागं येऊ नका."

अप्पांनी हात जोडले. सुटलो, असं त्यांना मनापासून वाटलं.

पुढच्या दोन कार्यक्रमांना ते गेले नाहीत. दुकानात बसले, दोर मोजला, एका गिऱ्हाइकाला घमेल्याबद्दल इतकी माहिती दिली की तो न घेताच गेला. पण तिकडं भलतंच झालं. फोटो आले आणि लोकांनी पहिल्यांदाच दादांच्या खांद्यामागची रिकामी जागा पाहिली. "अप्पा कुठंय?" "रुसले." "रुसले कसले, तिकडच्यांनी फोडले." "अप्पासारखा माणूस सोडून गेला म्हणजे दादांचं काही खरं न्हाई बे." एका व्यापाऱ्यानं तर दादांना फोनच केला, की समाजाच्या माणसाला असं दुखवायला नको होतं.

दादा कपाळाला हात लावून बसले. मग स्वतः दुकानी आले. "अप्पा, या परत. राहा उभे."

"पण ते यंत्र मला धरतंय," अप्पा म्हणाले. त्यांची भीती खरी होती.

हा गुंता ज्योत्स्नानं सोडवला. लेन्सच्या बाजूला एक बटण होतं, ते खाली केलं की कॅमेऱ्यानं चेहरे शोधायचे बंद व्हायचे. मग फोकस आपल्या हातानं, लेन्सवरचं कडं फिरवून करायचा. जे स्पष्ट होईल त्याच्या कडा पडद्यावर लाल चमकतात. दादा उभे राहिले की त्यांच्या कडा लाल करायच्या आणि हात स्थिर ठेवायचा. मग पाकळ्या येवोत, गॉगल येवोत, फोकस जागचा हलणार नाही. तिनं अप्पांना स्टुडिओत बसवून दाखवलं. लेन्सचं तोंड बारीक केलं तर मागचं किती उघडतं, मोठं केलं तर किती विरघळतं, तेही दाखवलं.

अप्पा लक्ष देऊन बघत होते. मग म्हणाले, "म्हंजे मी किती दिसायचं हे तुझ्या हातात हाय?"

"हाय."

"मग असं कर. ओळखू यायला पायजे, पण नाक दिसाया नको."

"नाक न दाखवता मिशी कशी दाखवू अप्पा?"

"ते तुझं तू बघ. शिकलेली हायेस."

तेव्हापासून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी अप्पा स्टुडिओत डोकावतात आणि चहात साखर किती ते सांगावं तसं सांगून जातात. "उद्या जरा कमी. साडूकडची माणसं येणार हायेत, उगं डोळ्यावर नको." किंवा "उद्या थोडं जास्त चालंल, नवी टोपी हाय." ज्योत्स्ना सुरुवातीला वैतागायची. आता तिलाही त्यात गंमत वाटते. माणिकरावांना दाखवते. ते म्हणतात, जुन्या कॅमेऱ्यात हे असलं काही नव्हतं, म्हणून आमचं डोकं शांत होतं.

परवा कारखाना रस्त्यावर एका मंगल कार्यालयाचं उद्घाटन होतं. दादांचं भाषण लांबलं. ज्योत्स्नाचे दादांचे फोटो काढून झाले होते, तरी कॅमेरा डोळ्यालाच होता, आणि तिच्या बोटांनी सहज कडं थोडं फिरवलं. दादा विरघळले. त्यांच्यावरच्या लाल कडा सरकत सरकत मागं गेल्या आणि टोपीवर, मिशीवर, विभूतीवर चमकल्या. अप्पा झोपले होते. उभ्याउभ्या, हात पाठीमागं बांधून, मान किंचित कलती करून, पाच हजार वॅटच्या स्पीकरशेजारी गाढ झोपले होते. चेहऱ्यावर इतकं समाधान, की तिनं श्वास धरून तो एकच फोटो काढला.

तो तिनं ग्रुपवर टाकला नाही. कागदावर काढून दुकानी नेला आणि मल्लम्मा काकूंच्या हातात दिला. काकूंनी पदराला हात पुसून तो उजेडाकडं धरला.

"घरात रात्रभर कुशी बदलत असतात," त्या म्हणाल्या. "आणि इथं बघ."

त्यांनी तो चौकटीत घालून गल्ल्यावर लावला, शिवपार्वतीच्या फोटोच्या खाली, थोडं अंतर सोडून. अप्पा दुकानात आले, बघितलं, चष्मा काढून पुसून परत बघितलं. एका बोटानं स्वतःचं नाक चाचपलं.

"ह्यात दादा लई धूसर आलेत," ते काळजीनं म्हणाले. "बरं दिसल का ते?"

"दादाला कोण बघतंय?" काकू म्हणाल्या, आणि आलेल्या गिऱ्हाइकाला चाळणी दाखवायला उठल्या.