हार्लनचे तीन पंख

हार्लनचा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरत होता. कॉफीचा कप तो अर्धाच भरायचा आणि म्हणायचा, "डॉक्टरनं सांगितलंय." डॉक्टरनं असलं काही सांगितलं नव्हतं, हे वेल्डाला पक्कं ठाऊक होतं. चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोला काय ठाऊक नसतं!

शनिवारी त्याला कॅन्ससच्या कुरणावर मोठं रॉकेट उडवून, शाबूत उतरवून हौशी रॉकेटवाल्यांच्या क्लबचा परवाना मिळवायचा होता. नियम एकच कडक: रॉकेट स्वतःच्या हातानं बांधलेलं हवं. सगळं झालं होतं, शेपटाचे तीन पंख तेवढे राहिले होते.

मंगळवारी त्यानं फायबरग्लासचे दोन पत्रे, एक पातळ आणि एक जाड, वाकवून पाहिले.

"पातळ घे ना, पटकन कापला जाईल," वेल्डा म्हणाली.

"वेगात फडफडून तुटेल गं. जाडच हवा."

"मग मी कापते."

"तू गोधडीचे तुकडे काप. इथं नुसतं धर."

तिनं धरलं. काचेची धूळ उडू नये म्हणून पत्रा ओला करत, तोंडाला फडकं बांधून त्यानं करवत चालवली. दोन पंख बरे निघाले. तिसऱ्याला हात सटकला आणि करवत रेघेच्या आत घुसली. हार्लन करवत टाकून खुर्चीत जाऊन पडला. नवा पत्रा टपालानं यायला आठवडा लागतो.

उरलेल्या तुकड्यात अजून एकच पंख बसत होता, पण हार्लनचा हात पुन्हा सटकला असता. वेल्डानं करवत उचलली. दहा मिनिटांचं काम, कुणाला कळलंही नसतं. हार्लनला कळलं असतं, पण तो बोलला नसता, आणि तेच तिला सोसवलं नसतं. तिनं करवत ठेवली आणि त्याला हलवलं.

"ऊठ रे. गोधडीचा एक तुकडा लहान झाला, तर मी काय करते? बाकीचे त्याच्या मापाचे करते."

तो उठला. मग त्यानं तिन्ही पंख एकावर एक घट्ट आवळले आणि ओल्या पॉलिश पेपरवर घासायला बसला. हात थरथरत होताच, पण घासायला थरथर चालते. मग त्यानं पंख चिकटवले, आणि ते लहान झाले तरी रॉकेट सरळ जावं म्हणून त्याच्या नाकात थोडं वजन भरलं.

शनिवारी तपासणीला क्लबचा ड्वेन होता. त्यानं एकेक पंख ओढून पाहिला. "बांधलं कुणी?"

"मी. हिनं पत्रा धरला, आणि थोडी अक्कल दिली."

"अक्कल चालते," ड्वेन म्हणाला. "माझी बायकोही देते, न मागता."

रॉकेट सरळ वर गेलं, अगदी ठिपका झालं आणि हवाई छत्री उघडून दूर गवतात उतरलं. हार्लन एकटाच आणायला गेला. बऱ्याच वेळानं त्यानं रॉकेट डोक्यावर धरून ओरडून सांगितलं, "तिन्ही पंख शाबूत आहेत!"

वेल्डानं उगाच गवताकडे तोंड फिरवलं आणि डोळे पुसले.