अण्णाने वाळूत आखलेली वाट

माझा थोरला भाऊ पुंडलीक जाऊन आज तेरा दिवस झाले. कुवेंपुनगरात त्याचं टेलरिंगचं दुकान. मी अंबू, त्याची बहीण. शाळा चौथीपर्यंतच, बोलते तसंच टाइप करते, सांभाळून घ्या.

टी. नरसीपूरला वहिनीचं माहेर. उन्हाळ्यात तिथं नदी आटली की मधे वाळू वर येते. पिवळ्या चोचीचे पक्षी तिच्यात अंडी घालतात. घरटं वगैरे काही नाही, सुम्ने, नुसता एक खळगा. संगमावर अंघोळीला जाणारे लोक न बघता तुडवायचे.

तिथला राखणदार नागराज तीन वर्षांमागं अण्णाला म्हणाला, "टेलरअण्णा, देवाला जाणाऱ्यांना नको कसं म्हणू? वाट तरी आखून द्या."

अण्णा तिथं गेला, वहिनी आणि मी बरोबर. कापडावर खडूने करतो तशी वाळूवर रांगोळीने खूण केली. अंड्यांना वळसा घालून बांबू रोवले, दोरीला झालर शिवली. दुकानातले उरलेले सॅटिनचे तुकडे, लाल, चमकणारे. लोकांना लांबून दिसायला पाहिजे म्हणे.

वारा आला, झालर फडफडली, पक्षी सगळे उडाले. वर ओरडत फिरतात, खाली कोण बसेना. अंडी कडक उन्हात.

नागराज म्हणाला, "माणसं अडवलीत, पक्षी पण हाकललेत की."

 अण्णाने कात्री काढली, भराभर झालर उतरवली, आम्हाला सगळ्यांना लांब झाडाखाली नेलं. उभाच राहिला.  मग एक पक्षी उतरला, मागून बाकीचे. एक जोडी मात्र आलीच नाही. ते अण्णाला फार लागलं.

"मार्जिन कमी सोडलं मी," म्हणाला. "माप माणसांचंच घेतलं."

दुसऱ्या दिवशी वाट अजून लांबून नेली. गोणपाट लावलं, गुडघ्याएवढंच उंच. खालच्या दुमडीत वाळू भरून शिवलं, म्हणजे वाऱ्याने हलत नाही. तेव्हापासून पक्षी बसतात, लोक पण वळून जातात. पिल्लं होतात.

नागराज, तुम्ही अण्णाच्या दुखण्यात तीनदा बघायला आलात. पिल्लांचे फोटो अण्णाला दाखवलेत. बोलता येत नव्हतं, तरी बोटाने मोजत होता. सहना, शेजारची तू, तुझी गाडी नसती तर दवाखान्यात कोण नेणार होतं आम्हाला. फार उपकार झाले.

यंदाचं गोणपाट अर्धं शिवून राहिलंय. वहिनीने कालच मशीनला तेल घातलं. सोमवारी आम्ही दोघी पुरं करून घेऊन येतो, नागराज, वाट मोकळी ठेवा.