कोणी नाही, असं मी म्हणालो

बायको गेली तेव्हाही तिला हे ठाऊक नव्हतं. चांगला चाळीस वर्षांचा संसार — आणि ही एक गोष्ट मी तिच्यापासून लपवली. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल. भित्रा माणूस अनोळख्यापुढे धीट होतो.

आमच्या तारकर्लीत माझ्याबद्दल जे सांगतात, ते आधी ऐका. साठ सालाच्या आगेमागे आमच्या किनाऱ्यावरून लोखंडाची लाल माती जपानला जायची. बोट लांब, खोल पाण्यात उभी राहायची. आमचे खलाशी होड्यांतून माती तिथवर न्यायचे, आणि बोटीवरची क्रेन मोठ्या लोखंडी टोपल्यांतून ती वर ओढायची. लढाईत मी सिंगापुरात जपान्यांचा कैदी होतो. मार खाता खाता त्यांची भाषा शिकलो. तेवढ्या भांडवलावर कंपनीने मला दुभाषा म्हणून ठेवलं. एकदा कंपनीच्या साहेबांनी इंग्रजीत 'क्लिअर?' विचारलं, त्या शब्दाचे अर्थ चार, वसंताने, म्हणजे मी, जपानीत भलताच अर्थ सांगितला, क्रेन चालू झाली आणि होडीचे म्होरके, धोंडूदादा तांडेल, यांचा पाय गेला. शब्दच तसला, वसंता काय करणार — असं गाव म्हणतं.

गावाला हे कोणी सांगितलं? मीच.

खरं असं की त्या शब्दाचा बंदोबस्त मी आधीच केला होता. क्रेन चालवणारा केन्जी नावाचा पोरसवदा जपानी होता, वीस-बावीसचा. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही त्याचं खिशातलं शब्दकोशाचं पुस्तक घेऊन बसलो. आभाळ क्लिअर असेल तर 'हारेता'. बोलणं समजलं असेल तर 'वाकात्ता'. कागदपत्रं सुटली असतील तर 'सुंदा'. आणि क्रेनखालची जागा क्लिअर असेल तर? केन्जीने पुस्तक मिटलं. मग म्हणाला, इथे शब्दाला शब्द नकोच. तू खाली बघ आणि सरळ सांग, 'दारेमो इनाइ' — कोणी नाही. खाली माणसं असतात, म्हणाला. मला हे फार आवडलं. मी वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या.

म्हणजे शब्द मला येत होता. पक्का येत होता.

त्या दिवशी बोटीच्या जपानी कप्तानाने मला प्रथमच आपल्याबरोबर जेवायला बोलावलं होतं. मी पांढरा शर्ट कडक इस्त्री करून घातला होता. बोटीच्या डेकवर ताणलेल्या कापडाच्या सावलीत साहेबांच्या शेजारी उभा होतो — मोठा माणूस झाल्यासारखा. साहेबांनी विचारलं, "क्लिअर?" आता बघा, खाली डोकवायचं तर कठड्यावर पोट टेकून वाकावं लागे, आणि कठडा लाल मातीने माखलेला. शर्टाला लाल लागेल, एवढंच माझ्या मनात आलं. हसू नका. किंवा हसा. लांबून मला होडीचा मागचा भाग दिसत होता, तिथे खलाशी बाजूला होऊन विड्या ओढत होते. मी ओरडलो, "दारेमो इनाइ!" केन्जीने पुन्हा विचारलं. मी पुन्हा ओरडलो, या खेपेला जरा चिडूनच.

शेवटची टोपली भरली की तांडेल स्वतः होडीच्या तळात उतरून पाणी बघतो. मातीतल्या दगडांनी फळी फुटते, आणि हे काम तो दुसऱ्या कोणावर सोपवत नाही. ती शेवटचीच टोपली होती, आणि माझा बाप तांडेल होता. हे मला ठाऊक नव्हतं, असं मी कोणाला सांगू?

टोपली हेलकावली आणि खालून जो आवाज आला तो मी सांगू शकत नाही.

तासाभराने कप्तानाच्या खोलीत चौकशी झाली. साहेबांनी मला विचारलं, तू काय सांगितलंस? माझी जीभ आपोआप चालली — साहेब, मला वाटलं, समजलं का असं आपण विचारताय. मी 'समजलं' असं सांगितलं. साहेबांनी मान डोलावली. कोणालाही पटेल असं होतं ते. मग केन्जीला बोलावलं. तो जपानीत म्हणाला, "या माणसाने दोनदा सांगितलं, खाली कोणी नाही. मी त्याच्यावर विश्वास ठेवला."

त्या खोलीत जपानी आणि इंग्रजी दोन्ही नीट जाणणारा दुसरा कोणी नव्हता. मी एकटाच होतो. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते — केन्जीसुद्धा. आणि मी साहेबांना इंग्रजीत सांगितलं, "तो म्हणतो, मला नीट ऐकू आलं नाही, अंदाजाने ओढली. चूक माझी." कप्तानाला जपानीत सांगितलं, साहेबांच्या मते पोराने घाई केली.

केन्जीला तोडकी इंग्रजी कळायची. तो माझ्याकडे बघत राहिला. पुढच्या फेरीला क्रेनवर दुसराच माणूस होता. केन्जीचं काय झालं, हे मी विचारलंसुद्धा नाही.

धोंडूदादा कुबडीवर आले तरी माझ्यावर माया करत राहिले. त्यांच्या घरापुढच्या खळ्यात मी वर्षानुवर्षं चहा प्यालो. एकदा मासे वाळत घातले होते, ते राखत आम्ही दोघेच बसलो होतो. त्यांनी सहज विचारलं, "वसंता, त्या जपान्यान तेव्हा खरा काय सांगल्यान रे?"

आता बघा, साहेब केव्हाच मुंबईला गेले होते. कंपनी बंद झाली होती. नोकरी जायची नव्हती, कोणी मारणार नव्हतं. समोर फक्त धोंडूदादा. त्या दिवशी सांगता आलं असतं ना?

मी म्हणालो, "आपलीच चूक म्हणाला, दादा."

त्यांनी माशांवर आलेला कावळा कुबडीने हाकलला. मग म्हणाले, "बरो माणूस. परमुलखात येवन असा कबूल करूक छाती लागता, रे."

मी म्हटलं, होय, लागता.