रांजणावरची टकटक

दारव्ह्याच्या जीपा जिथं थांबतात, त्या फाट्यावर रामधनचं टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस हाताचा गुणी, पण खूळ डोक्यात शिरलं की गिऱ्हाइकाचा मिक्सर महिनाभर उघडाच पडायचा. यंदाच्या उन्हाळ्यात त्यानं किरणोत्सर्ग ओळखणारं यंत्र बनवलं. नळी कुरियरनं मागवली, तिला लागणारा विजेचा जबर दाब डास मारायच्या रॅकेटमधल्या सर्किटमधून काढला आणि सगळं जेवणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात बसवलं. नळीत किरण शिरला की डबा टक् करायचा. तपासायला घरात गॅसबत्तीची जुनी जाळी होती. बाप वरातीला गॅसबत्त्या भाड्यानं द्यायचा, त्यातली. तसल्या जाळीत थोरियम असतं. ती जवळ नेली की डबा नुसता तडतडायचा.

झालं, स्वारी फाट्यावर मिरवायला निघाली. समोरच इंदूबाईची पाणपोई. बाबासाहेबांच्या जयंतीपासून उन्हाळा सरेपर्यंत ती तिथं रांजण भरून ठेवते. रामधन डबा छातीशी धरून रांजणावर वाकला, बटण दाबलं, तर टकटक थांबेचना. जीपवाले गोळा झाले. त्यानं मोठ्या शास्त्रज्ञाचा आव आणून सांगितलं, पाण्यात किरण आहेत. दुसऱ्या दिवसापासून रांजणाकडे कुणी फिरकेना.

त्या दिवशीचा शर्ट धुवायला काढताना जाळीची पुडी वरच्या खिशात सापडली. तपासून झाल्यावर हरवू नये म्हणून त्यानंच ती तिथं ठेवली होती. छातीशी धरलेला डबा पाण्यानं नव्हे, त्या जाळीनंच वाजत होता. आपल्या मिरवण्यापायी म्हातारीचं पाणी नासवलं, हे त्याला कळलं.

सकाळी तो रिकाम्या खिशानं फाट्यावर गेला. डबा रांजणावर धरला. मधूनच एखादी टक्, तेवढी कुठंही होतेच. त्यानं सगळ्यांना आपली चूक सांगितली आणि तो सगळ्यांदेखत गिलासभर पाणी प्याला. काही जण हसत रांजणाकडे वळले. काही मात्र ‘असू दे, कायले रिस्क घ्या’ म्हणत बाटली घ्यायला हॉटेलात गेले. त्यात रामधनच्या भावकीतलेही होते.

त्यानं हात जोडले. “मावशी, चूक माही होती. सांगून देलं मी सगळ्याइले.”

इंदूबाई गिलास विसळत होती. “तुही चूक तू सुधारली, बापू. पण त्याइले माह्या हातचं पाणी पहिलेपासूनच नको होतं. लाजेकाजेनं पेत होते. आता त्याइले सांगाले कारण भेटलं.”

मग तिनं वर पाहिलं. आवाजात राग नव्हता.

“इतके वर्षं समोर दुकान हाये तुहं. पाणी आजच पेला न, पहिल्यांदा?”

घरून बाटली आणायची सवय आहे, असं तो म्हणणार होता. पण ते खरं नव्हतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.